हाँगकाँग डिस्नेलँडसाठी मुक्काम कुठे करावा आणि ये-जा कशी करावी?

दोन दिवस डिस्नेलँड आणि एक-दोन दिवस शहर असा बेत असेल, तर उद्यानाच्या आवारातील महागड्या हॉटेलांचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुलांना दुपारी झोपवून संध्याकाळी पुन्हा उद्यानात न्यायचे असेल, तरच तो खर्च सार्थकी लागतो.

एरवी तुंग चुंग ही जागा सोयीची ठरते, कारण ती विमानतळाजवळ आहे, बुद्धमूर्तीकडे जाणारा न्गाँग पिंगचा रोपवे तिथूनच सुटतो आणि मेट्रोने पुढचेच स्थानक सनी बे आहे, जिथे गाडी बदलून डिस्नेलँडच्या स्वतंत्र मार्गिकेने काही मिनिटांत उद्यानाच्या दाराशी पोहोचता येते. (मिकीच्या आकाराच्या खिडक्यांची ती गाडी मुलांना फार आवडते.)

मुख्य शहरातील त्सिम शा त्सुई या भागात भारतीय जेवण सहज मिळते, त्यामुळे शाकाहारी मंडळींना तो भाग बरा वाटेल. मात्र तिथून लाय किंग आणि सनी बे अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. विमानतळाची जलद रेल्वे सनी बेला थांबत नाही, हे लक्षात ठेवावे. विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घेतल्यास मेट्रो आणि बस दोन्हींचे भाडे त्यातून देता येते.