सह्याद्री समजून घेण्यासाठी कोणती पुस्तकं वाचावीत?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं गडकिल्ले फिरताय, पण 'कुठला किल्ला कोणी कधी घेतला' यापलीकडे काही हाती लागत नाही. निसर्ग, इतिहास आणि भूगोल एकत्र सांगणारं एकच पुस्तक हवंय. तसं एकच पुस्तक मी सुचवणार नाही, पण सुरुवात कुठून करायची ते मनापासून सांगतो: मराठेशाहीतले मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांचं 'आज्ञापत्र'.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. भाषा पहिल्यांदा जड जाते, मोठ्यानं वाचा म्हणजे सुटत जाते. त्यातलं दुर्गांचं प्रकरण आधी काढा. गड बांधण्याआधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, असं अमात्य सांगतात. जिवंत झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात, हेही बजावतात. आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. तिथे आंबा-फणसाला हात लावू नका, रयतेनं ती झाडं लेकरासारखी वाढवलीत, अशी ताकीद आहे. हे वाचून मी एप्रिलमध्ये शिवनेरीला गेलो. आधी तीनदा गेलो होतो, पण गंगा-जमुना टाक्यांपाशी इतका वेळ कधी बसलो नव्हतो. बाहेर कातळ भाजत होता आणि आत पाणी नितळ, गार.

हे पाणी येतं कुठून, हे कळायला भूशास्त्राचं एखादं सोपं पुस्तक हवंच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. मध्ये खंड पडला की वर माती तयार व्हायची आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढायचा. कड्यात दिसणारे तांबडे पट्टे बहुधा तेच. अशा सांध्यांपाशी पाणी झिरपतं. टाकं खोदणाऱ्यांची नजर त्यावर नक्की असणार, असं मला वाटतं.

वाटा आणि माणसांसाठी गोनीदांचं (गो. नी. दांडेकर) 'दुर्गभ्रमणगाथा'. झाडं-फुलं बघायची सवय लागावी म्हणून दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. ते खास सह्याद्रीवरचं नाही, पण महिन्यागणिक काय बदलतं ते टिपायला शिकवतं.

जुनी मुंबई इलाख्याची गॅझेटिअरं, म्हणजे इंग्रजांच्या काळातले जिल्हावार माहितीचे ग्रंथ, मात्र जपून वाचा. पुणे आणि साताऱ्याचे खंड १८८५ चे आहेत. घाटवाटा, बाजार, पिकं, जंगल यांची माहिती विलक्षण बारीक आहे. पण लिहिणारा राज्यकर्ता होता, आणि डोंगरातल्या जमातींबद्दलचे त्याचे शेरे आज वाचवत नाहीत. माहिती घ्या, शेरे सोडून द्या.

आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्याच, मी तो पुस्तकच समजतो. कोकणाकडे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, देशाकडे त्या सैल होत जातात. मधल्या पदरावर, म्हणजे उतारावरच्या सपाटीवर, एखादी वाडी असते. तिथे ती का वसली, हे नकाशा पुढ्यात असला की कळायला लागतं.

तुम्ही जास्त कुठे फिरता? जुन्नर, मावळ की महाबळेश्वरची बाजू? कळवलंत तर त्या भागासाठी गॅझेटिअरचा कुठला खंड बघायचा ते सांगतो.