दंडाचं सोडा, नकाराचं बोलू

तुम्ही विचारलंय, 'नोकरी गेली, विमा नाही. आमच्यासारख्यांना ओबामाकेअर म्हणजे नुसता दंडच ना?' ओबामाकेअर म्हणजे ओबामांच्या काळातला अमेरिकेचा आरोग्यविमा सुधारणा कायदा. विमा नसल्याबद्दलचा त्यातला केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचा स्वतःचा आहे, तेवढं तपासा.

मी अमेरिकेत दोनदा विम्याविना राहिलोय, सुधारणेच्या आधी आणि नंतर. २००७ मध्ये नोकरी सुटली तेव्हा कोब्राचं (नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा काही काळ चालू ठेवू देणारा कायदा) पत्र आलं: विमा चालू ठेवता येईल, फक्त कंपनी भरायची तो वाटाही आता तुमचा, वर दोन टक्के. पगार थांबलेल्या माणसाला! मग स्वतंत्र पॉलिसीसाठी अर्ज केला, आजारांच्या रकान्यात इमानदारीत रक्तदाब लिहिला. नकार आला. पुढे एका रात्री छातीत दुखायला लागलं, तर इमर्जन्सीच्या पार्किंगमध्ये पाऊण तास गाडीतच बसून राहिलो, आपोआप थांबतंय का बघत. १९८६ च्या कायद्यामुळे दारातून परत पाठवत नाहीत हे ठाऊक होतं. बिल मागून येतं हेही ठाऊक होतं. दुखायचं थांबलं, गाडी वळवून घरी आलो. (बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

२०१४ पासून नव्या पॉलिसीला तो रकानाच उरला नाही. जुन्या आजारावरून विमा नाकारता येत नाही, हप्ताही वाढवता येत नाही. माझ्या लेखी सुधारणा ती हीच. स्वस्ताई वगैरे भाषणात.

आता दुसरी खेप. टेक्सासमध्ये असतो, स्वतःचं काम होतं, ते बसलं. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली गेलं, म्हणून मार्केटप्लेसचं, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमाबाजाराचं, हप्त्यावरचं अनुदान नाही. मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, आणखी लोकांपर्यंत वाढवायचं की नाही हे २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने राज्यांच्या मर्जीवर सोडलं, आणि टेक्सासने वाढवलं नाही. घरात लहान मूल नसलेल्या धडधाकट माणसाला इथे ते मिळत नाही. थोडे जास्त कमावले असते तर सरकारी मदत मिळाली असती, बोला!

तुम्ही मात्र थांबू नका. नोकरीचा विमा संपल्यापासून साठ दिवसांत मार्केटप्लेसवर नोंदणी होते, नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट बघायची गरज नाही. वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नाचा आकडा नीट काढा, अनुदान त्यावरच ठरतं. तोवर ठरवून काही उपचार घ्यायचे असतील तर आधी खर्चाचा अंदाज मागा. विमा नसलेल्याला तो देणं २०२२ पासून बंधनकारक आहे, आणि बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त फुगलं तर १२० दिवसांत दाद मागता येते. फोनवर सांगितलेला आकडा धरू नका, कागद घ्या.