पॅलॅडियम तिसऱ्याच बॅचला का थकतं?

प्रश्न : सर, मी महापे एमआयडीसीतल्या एका आर अँड डी लॅबमध्ये आहे. सुझुकी कपलिंगला (दोन कार्बनी रेणू जोडणारी रिअ‍ॅक्शन) पॅलॅडियम ऑन कार्बन, म्हणजे कोळशाच्या भुकटीवर बसवलेला पॅलॅडियम धातू, कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा) म्हणून वापरतो. रिसर्च पेपरात असतं की गाळून पाच-सहा वेळा वापरा, यील्ड (हाती येणारा माल) तेवढंच. आमच्याकडे तिसऱ्या बॅचलाच रिअ‍ॅक्शन रखडते. पेपरवाले फेकतात का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : फेकत नाहीत हो, सोयीचं तेवढं दाखवतात. समजा ताज्या कॅटॅलिस्टवर रिअ‍ॅक्शन अर्ध्या तासात संपते आणि तुम्ही ती बारा तास ढवळत ठेवली, तर निम्मा कॅटॅलिस्ट मेला तरी यील्ड ९५ टक्केच येणार, कळणार कुणाला? म्हणून प्रत्येक बॅचला पहिल्या दहा मिनिटांत किती झालं ते बघा, तिथेच पितळ उघडं पडतं.

दुसरं म्हणजे पॅलॅडियम कार्बनला घट्ट धरून बसतं हा समजच भोळा आहे. गरम मिश्रणात त्यातलं थोडं सुटून द्रावणात येतं, बरेचदा खरं काम तेच करतं, आणि शेवटी परत कार्बनवर बसतं, पण बारीक विखुरलेलं नाही तर गोळे होऊन, मग काम करायला पृष्ठभागच उरत नाही. रिअ‍ॅक्शन अर्ध्यात असताना गरम-गरम गाळा आणि फिल्ट्रेट (गाळून खाली आलेलं द्रावण) तसंच तापवत ठेवा. पुढे चालली तर धातू सुटलाय. थांबली तरी लगेच खूश होऊ नका, गाळताना थंड झालं तर सुटलेलं परत बसतं, म्हणून फिल्ट्रेटचं आयसीपी (धातू किती आहे ते मोजणारी चाचणी) कराच. औषधाचं काम असेल तर ते टाळताच येत नाही, तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलॅडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं, आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम आहे.

आणि नुसत्या इथेनॉलने धुताय का? रिअ‍ॅक्शनमध्ये तयार होणारे पोटॅशियम ब्रोमाइड, बोरेट हे क्षार त्यात नीट विरघळत नाहीत, छिद्रं बुजतात. आधी गरम पाण्याने धुवा. लोहचुंबकाने ओढता येणारे कॅटॅलिस्टही आहेत, गाळायची कटकट वाचते, पण धातू सुटायचा तो त्यातूनही सुटतो.

माझं विचाराल तर दर वेळी धुवायला लिटरभर सॉल्व्हंट ओतून पाचवी बॅच काढण्यात कसलं आलंय ग्रीन (पर्यावरणपूरक), त्यापेक्षा दोनदा वापरून धातू काढून घ्यायला रिफायनरीला पाठवलेला बरा. फक्त गाळताना केक (गाळणीवर उरलेला कॅटॅलिस्ट) कोरडा खेचू नका, मेथॅनॉलची वाफ आणि सुकं पॅलॅडियम कार्बन हवेत एकत्र आलं की पेट घेतं.