नवरा ट्रकवर असतो, मला त्रास काहीच नाही. तरी गुप्तरोगाची तपासणी करावी का?

करा, ताई. त्रास नाही म्हणजे संसर्ग नाही, असं या आजारांत धरून चालत नाही. क्लॅमिडिया, गनोरिया बायकांमध्ये बहुतेक वेळा गुपचूप राहतात. पुढे गर्भनलिकेला इजा झाली की मग कळतं.

नवरा ट्रकवर आहे म्हणून लगेच संशय घेऊ नका, धोका धंद्यामुळे नसतो. दोघांपैकी कुणाचेही एकाहून जास्त जोडीदार, निरोधचा कंटाळा, आधी झालेला असा आजार, दारूच्या नशेत सुटलेलं भान, हे खरे मुद्दे. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक: एकानेच औषध घेणं. बायको बरी होते, नवरा तसाच, महिन्याभरात पुन्हा तेच! मेडिकलमधून अर्धवट गोळ्या आणणं तर त्याहून वाईट.

नाशिकला त्र्यंबक रोडवर सिव्हिल आहे. जिल्हा रुग्णालयांत या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी, औषधं मोफत आणि गोपनीय. सिफिलिस आणि एचआयव्हीची रक्ततपासणीही सोबतच करून घ्या. एचआयव्ही सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून शंकेच्या संबंधानंतर 3 महिन्यांनी पुन्हा करा. आधी नुसतं बोलायचं असेल तर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे लागत नाहीत.