एलएच शून्य आला म्हणून फ्लोराइडला दोष देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. व्हिस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या नर उंदरांना ६० दिवस पाण्यातून १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम) सोडियम फ्लोराइड दिलंत, टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन घटलं, आणि एलएच, म्हणजे वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन, मात्र कंट्रोलसकट (फ्लोराइड न दिलेल्या गटासकट) सगळ्या नमुन्यांत ‘०.१ पेक्षा कमी’. मग फ्लोराइड पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) बंद पाडतं का, हा तुमचा प्रश्न.

या रिपोर्टवरून पिट्युटरीबद्दल काहीच कळत नाही. सीरम माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलेलं दिसतंय. टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड, माणसात, उंदरात, बैलात रेणू एकच. एलएच आणि पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन एफएसएच ही प्रथिनं, प्राण्यागणिक वेगळी. माणसाच्या एलएचसाठी बनवलेली किटमधली अँटिबॉडी उंदराचा एलएच सहसा ओळखतच नाही. इथे शून्याचा अर्थ ‘हार्मोन नाही’ असा नसून ‘किटला दिसलं नाही’ असा आहे. हीच चूक आम्हाला सर्वांत महाग पडली. ‘उंदराचं सीरम चालेल का?’ असं स्पष्ट विचारूनही काउंटरवर ‘चालतं’ म्हणाले, रिपोर्टवर शेजारी पुरुषांची नॉर्मल रेंज छापून दिली, आणि तोवर सीरम संपलेलं. मशीनमध्ये जी ट्यूब घालाल तिचा आकडा ते देणारच. विचारायचं असेल तर किटच्या माहितीपत्रकात ‘रॅट’ छापलंय का, एवढंच विचारा आणि तो कागद डोळ्यांनी बघा.

टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावरही लगेच विसंबू नका. एक सीरम दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून लावा. आकड्यांची रेषा स्टँडर्डच्या (किटमधल्या ठरावीक प्रमाणाच्या नमुन्यांच्या) रेषेला समांतर नसेल तर सीरममधलं दुसरंच काहीतरी मोजलं जातंय. शिवाय हे हार्मोन ठोक्याठोक्याने स्रवतं, म्हणून सगळ्यांचं रक्त एकाच वेळी घ्या, समजा सकाळी ९ ते ११, आणि गटांचा क्रम मिसळून.

एलएच नीट मोजल्यावर वाचन सोपं आहे. टेस्टोस्टेरॉन कमी, एलएच जास्त, तर बिघाड वृषणात. दोन्ही कमी, तर बिघाड वरून, म्हणजे पिट्युटरी किंवा मेंदूकडून, किंवा जनावर नुसतं उपाशी. फ्लोराइडवरचं बरंचसं काम लायडिग पेशींकडे (वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी) बोट दाखवतं: कोलेस्टेरॉल मायटोकाँड्रियात नेणारं स्टार प्रथिन, पुढची पी४५०एससीसी, ३-बीटा आणि १७-बीटा एचएसडी ही कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन घडवणारी एन्झाइमं मंदावतात, सोबत ऑक्सिडेटिव्ह ताण. अहमदाबादला एन. जे. चिनॉय यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं. एलएचबाबत मात्र पेपरांत एकवाक्यता नाही, म्हणूनच तुमचा आकडा खरा हवा.

आता डोस. १०० पीपीएम सोडियम फ्लोराइड म्हणजे फ्लोराइड फक्त ४५. हे पेपरात सर्रास गोंधळतं. १०० फ्लोराइड हवं असेल तर लिटरला २२१ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. बाटलीतलं पाणी फ्लोराइड मोजणाऱ्या आयन इलेक्ट्रोडने तपासा, टिसॅब (मोजणी स्थिर ठेवणारं बफर द्रावण) निम्मं-निम्मं, बीकर प्लास्टिकचंच. कंट्रोलचं पाणीही तपासा. पुण्यात उन्हाळ्यात नळ आटला की अॅनिमल हाउसला टँकर येतो, तो बहुधा बोअरचा, त्यात फ्लोराइड जास्त असू शकतं, आणि कंट्रोल गट कुणाला न कळता बदलतो. पेलेटमधल्या (उंदरांच्या खाद्याच्या गोळ्या) मिनरल मिक्स्चरच्या फॉस्फेटमधूनही फ्लोराइड येतं.

खारट-कडवट पाणी उंदीर कमी पितात, कमी खातात, वजन उतरतं, आणि नुसत्या उपासमारीनेही टेस्टोस्टेरॉन पडतं. रोज बाटलीचं वजन करा आणि फ्लोराइड न देता एक गट फ्लोराइडवाले खातात तेवढ्याच खाण्यावर ठेवा. माझ्या मते हा गट नसलेल्या निम्म्या निष्कर्षांवर विश्वास ठेवू नये. अर्थात हे प्रयोगाबद्दल. गोठ्यातलं जनावर आजारी असेल तर पशुवैद्यांनाच दाखवा.

सीरम उरलं नसेल तरी हातात काहीतरी आहे. सेमिनल व्हेसिकल आणि व्हेंट्रल प्रोस्टेट या टेस्टोस्टेरॉनवर पोसणाऱ्या नराच्या ग्रंथींचं वजन कित्येक आठवड्यांच्या टेस्टोस्टेरॉनचा हिशोब ठेवतं, एका सकाळच्या रक्तापेक्षा भरवशाचं. वहीत ती वजनं असतील तर आधी काढा, आणि व्हेसिकल द्रवासकट तोललं होतं की पिळून, ते बघा.