सॉकेट मेलेलं आणि बॅटरी उतरलेली

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड गाडी घेतली, सात वर्षं जुनी आहे. चालवायला छान आहे पण दोन त्रास आहेत. गिअरजवळचं १२ व्होल्टचं सॉकेट आधी चालायचं, पण त्यात टायरमध्ये हवा भरायचा पंप लावला त्या दिवसापासून बंद आहे, मोबाईलसुद्धा चार्ज होत नाही. दुसरं म्हणजे गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टिक टिक, बॅटरी नवीन घातली तरी तेच. मित्र म्हणतो सॉकेटला ३० चा फ्यूज टाक म्हणजे परत उडणार नाही. टाकू का? आणि या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल का?

उत्तर : आधी मित्राचं सांगतो, ३० चा फ्यूज अजिबात टाकू नका. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. सॉकेटला जाणारी वायर साधारण १५ किंवा २० अँपिअरच्या हिशोबाने घातलेली असते, तिथे ३० चा बसवला तर काही बिघडल्यावर फ्यूज तसाच राहतो आणि वायर तापते, तीही डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि फोमच्या मध्ये, म्हणजे धूर दिसेपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. जेवढ्याचा लिहिलाय तेवढ्याचाच टाका. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा.

तुमच्या सॉकेटचा फ्यूज पंपामुळेच उडालाय असं मला वाटतं. सॉकेटच्या झाकणावर बऱ्याचदा १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर, आणि हवेचे काही पंप सुरू होताना त्याच्या वर जातात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात सॉकेटचा फ्यूज कुठला ते दिलेलं असतं, तो काढून उजेडात धरा, मधली पट्टी तुटलेली दिसेल. नवा टाकायच्या आधी टॉर्चने सॉकेटमध्ये बघा, कारण तिथे नाणं, चॉकलेटचा चंदेरी कागद, हेअरपिन असलं काहीतरी पडलेलं सापडतं आणि ते मधल्या टोकाला आणि कडेला एकदम टेकलं की नवा फ्यूजही लगेच जातो. काढायचं तर चावी बंद आणि फ्यूज बाहेर असताना, आणि धातूच्या चिमट्याने नको. फ्यूज चांगला असूनही चालत नसेल तर चावी फिरवून बघा, काही गाड्यांत सॉकेटला करंट चावी ऑन असतानाच येतो. तरीही नाही तर मल्टिमीटरचं (व्होल्ट आणि करंट मोजायचं छोटं यंत्र) लाल टोक आत मध्यभागी आणि काळं कडेच्या पत्र्याला लावा. १२ च्या आसपास आकडा आला तर करंट येतोय, दोष चार्जरमध्ये आहे किंवा तो आत नीट टेकत नाहीये. काहीच नाही आलं तर तेच काळं टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला लावून बघा, आता आकडा आला तर सॉकेटची अर्थिंग, म्हणजे बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर, सुटलीय.

आता बॅटरी. नवीन घालूनही तेच होतंय म्हणजे जुनी बॅटरी बहुतेक उगाचच बदलली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण पाच मिनिटं मोजलं असतं तर कळलं असतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे अर्धी उतरली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्ज करतोय, आणि १२.५ वरच अडकलं तर दोष चार्जिंगमध्ये आहे. (काही नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो, तेव्हा हेडलाइट लावून परत बघा.)

पण तीन-चार दिवसांत उतरते म्हणजे माझा संशय गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय यावर आहे. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरच्या आत खर्च चालतो, घड्याळ, अलार्म वगैरेला तेवढा लागतोच. पण हाच ३०० झाला तर दिवसाला ७ अँपिअर-तासांच्या वर जातात, तीन दिवसांत २१, आणि बॅटरी ४५ ची असेल तर जवळजवळ अर्धी गेली, मग सेल्फ कसा फिरणार.

मोजायला निगेटिव्ह टर्मिनल सोडा (रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून ठेवा) आणि मल्टिमीटर बॅटरी आणि सोडलेली वायर यांच्या मध्ये लावा, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात. दरवाजे बंद, चावी लांब, आणि निदान अर्धा तास हात लावायचा नाही, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात आणि सुरुवातीचा मोठा आकडा बघून लोक उगाच घाबरतात. मीटर लावलेला असताना चावी ऑन करायची नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटर जाईल. अर्ध्या तासानंतरही आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर आकडा धपकन खाली येतो त्या लाइनीवर चोर आहे. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरवर संशय घ्या, त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला की तो बंद गाडीतही करंट ओढतो.

सेकंडहँड गाडीत मी सगळ्यात आधी मागच्या मालकाने बसवून घेतलेल्या वस्तू बघतो. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला साधारण पिवळी वायर कायमच्या करंटची आणि लाल चावीवरच्या करंटची असते, घाईत दोन्ही एकत्र पिळल्या की स्टिरिओ कधी झोपतच नाही. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, जादा अलार्म, डिकीचा न विझणारा दिवा, ग्लोव्ह बॉक्सचाही. यातलं काहीतरी सॉकेटच्याच वायरीवरून ओढलेलं असेल तर मात्र तुमच्या दोन्ही त्रासांचं मूळ एकच असू शकतं, म्हणून सॉकेट उघडाल तेव्हा मागे टेप गुंडाळलेला जोड दिसतोय का ते आवर्जून बघा.

प्रश्न : माझ्या गाडीची बॅटरी चांगली आहे असं चेक करून सांगितलं, तरी कधी सुरू होते कधी नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवट पावडर आहे.

उत्तर : मग आधी ती पावडरच काढा. आधी निगेटिव्ह सोडा मग पॉझिटिव्ह, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. हातमोजे आणि चष्मा घाला, त्यात ॲसिड असतं. टर्मिनल हाताने हलत असेल तर घट्ट करा. आणि निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथला गंजही घासा, हे ठिकाण बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : दुसऱ्या गाडीवरून जंप देताना वायरी कुठल्या क्रमाने लावायच्या?

उत्तर : लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून लांब. काढताना बरोबर उलट्या क्रमाने. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर जंप देऊच नका.