महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि शक्ती हे दोन्ही बँड ऐकून झालेत. जाझ फ्यूजनमधला (जाझ आणि रॉकचं मिश्रण) फारसा कुणाच्या कानावर न पडलेला, पण ऐकावाच असा एखादा अल्बम सुचवाल का?

महाविष्णू ऐकलंय म्हणता, म्हणजे यान हॅमर तुमच्या कानावरून गेलेला आहे. त्या बँडच्या 'बर्ड्स ऑफ फायर' अल्बममध्ये जॉन मॅक्लॉफ्लिनच्या गिटारला आणि जेरी गुडमनच्या व्हायोलिनला तोडीस तोड उत्तरं देणारा कीबोर्डवाला तोच. त्याचा १९७५चा 'द फर्स्ट सेव्हन डेज' ऐका. हॅमरचं नाव निघालं की लोक एक तर महाविष्णूबद्दल बोलतात, नाही तर 'मायामी व्हाइस' या मालिकेच्या संगीताबद्दल (ती धून १९८५मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती). या दोन्हींच्या मध्ये हा अल्बम पार झाकला गेला.

कल्पना बायबलमधली आहे: सृष्टी घडली ते सात दिवस, प्रत्येक दिवसाचा एक तुकडा. शब्द नाहीत. रेकॉर्डिंग हॅमरने न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतघरातल्या स्टुडिओत केलं आणि पियानो, सिंथेसायझर, ड्रम्स सगळं स्वतःच वाजवून एकावर एक चढवलं. सोबतीला फक्त स्टीव्ह किंडलरचं व्हायोलिन आणि डेव्हिड अर्ल जॉन्सनचं तालवाद्य. वेष्टणावर त्याने एक खोचक टीप छापली आहे, की काळजी असणाऱ्यांच्या माहितीसाठी, या अल्बममध्ये गिटार नाही.

टीप गंमतीची असली तरी गरजेची होती. पहिलाच तुकडा लावून बघा, 'डार्कनेस'. सुरुवातीला नुसता खर्जातला अंधार, मग संथ, जड ठेका आणि त्यावर जी सुरावट निघते ती गिटारचीच म्हणून कुणीही पैज लावेल. तो मिनीमूग नावाचा सिंथेसायझर आहे. या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो. पट्ट्यांच्या डाव्या बाजूला दोन चाकं असतात. एक फिरवलं की स्वर वरखाली सरकतो, दुसऱ्याने त्यात कंप येतो. हॅमर उजव्या हाताने स्वर लावतो आणि डाव्याने त्याला मींड देतो. पेटीची जन्माची अडचण हीच ना? आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली, तेव्हा तिच्यावरच्या आक्षेपांत मींड निघत नाही हाही होताच. इथे पट्ट्यांचंच वाद्य आहे आणि स्वर मात्र गळ्यातून यावा तसा ओढला जातो. हॅमरची आई व्लास्ता प्रूखोवा प्रागमधली नावाजलेली जाझ गायिका आणि तो स्वतः अमेरिकेत आल्यावर सारा वॉनच्या साथीला होता. गाणाऱ्या बायकांच्या सहवासात हात तयार झाल्यावर असं होत असावं, हा आपला माझा अंदाज.

'ओशन्स अँड कॉन्टिनेंट्स' आणि 'प्लांट्स अँड ट्रीज' हे दोन्ही तुकडे हेडफोन लावून ऐका, घाईत नको. मला स्वतःला चौथा दिवस, म्हणजे 'प्लांट्स अँड ट्रीज', सगळ्यात आवडतो. त्यात दाखवायचं काही नाही, नुसती चाल आहे आणि ती फुलू द्यायला त्याला कसली घाई नाही. त्यामानाने पाचव्या दिवसाचे प्राणी मला जरा उरकल्यासारखे वाटतात. ड्रम्सच्या बाबतीतही आधीच सांगतो: महाविष्णूचा ड्रमर बिली कॉबम याची आतषबाजी डोक्यात ठेवून बसलात तर निराश व्हाल. हॅमर ड्रम्स चांगले वाजवतो, पण चाल सांभाळण्यापुरते. मला ते पथ्यावर पडलंय असंच वाटतं. महाविष्णूत कधी कधी सगळे एकाच वेळी धावत असतात आणि ऐकणाऱ्याला दम लागतो, तसं इथे होत नाही.

काही सिंथेसायझरचे आवाज आज जुने वाटतील, त्याला इलाज नाही. पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला तरी निदान चौथ्या दिवसापर्यंत थांबा.

आणि आवडलाच, तर लगेच १९७७चा जेफ बेक आणि यान हॅमर ग्रुपचा लाइव्ह अल्बम शोधा. त्यात 'डार्कनेस' पुन्हा आहे, या वेळी मंचावर जेफ बेकसारखा गिटारवाला हजर असताना. त्या अल्बमभर दोघांची जी सवाल-जवाबाची जुगलबंदी चालते, त्यात कोणता आवाज गिटारचा आणि कोणता मूगचा हे डोळे मिटून ओळखता येतंय का बघा, आणि खाली कमेंटमध्ये कळवा.